जांभळाला दिलेली नोटीस

झाडं पाडणाऱ्यांत इतका हळवा माणूस सबंध नाशकात दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो आमच्या वहिनींच्या मामांच्या हाताखालीच तयार झालेला असणार. मामा क्रेन चालवायचे. वादळात कललेलं, घरावर रेललेलं, रस्तारुंदीत सापडलेलं कसलंही अवजड झाड असो, वरच्या फांदीला पट्टा बांधायचा, क्रेननं तिचा भार तोलून धरायचा, मग करवतवाल्यानं ती कापायची आणि मामांनी ती अलगद रस्त्यावर आणून ठेवायची. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत हाच क्रम. पण त्यांच्यासमोर 'झाड तोडलं' म्हणायची सोय नव्हती. "तोडणारे कुऱ्हाडवाले. आपण उतरवतो," असं ते ठणकावून सांगत. सासरी आलेल्या नव्या नवरीला बैलगाडीतून उतरवावं तितक्या बेतानं ते झाड उतरवत, हे मात्र मी स्वतः पाहिलं आहे.

मामा मूळचे सटाण्याकडचे. चाळीस वर्षं नाशकात काढूनही त्यांचं 'आहे' काही 'आहे' झालं नाही, ते 'शे'च राहिलं. कुठलीही वस्तू नुसती बघून तिचं वजन सांगायचं, हा त्यांचा छंद. आमच्या दादाला वहिनींच्या घरी दाखवायला नेलं तेव्हा बाकीची मंडळी पगार विचारत होती, मामा मात्र त्याला खालून वर न्याहाळून म्हणाले, "बहात्तर किलो. पण भार डावीकडं शे." दादा तेव्हापासून आरशात सरळ उभा राहायला शिकला. गंमत म्हणजे त्याच संध्याकाळी त्यानं मुद्दाम वजनकाट्यावर उभं राहून पाहिलं, तर काटा बहात्तरवर. सोफा, सिलिंडर, पाहुण्यांची बॅग, नवजात भाचा, कशातच त्यांचा अंदाज चुकला नाही. निकाल देताना शब्द दोनच, 'हलकं शे' नाहीतर 'जड शे'.

क्रेनच्या घरघराटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून सगळं काम खुणांवर चालतं. बोट वर करून फिरवलं की उचल, खाली करून फिरवलं की सोड, दोन्ही हात आडवे पसरले की थांब. मामांच्या अंगात ही भाषा इतकी मुरली होती की ती कामावरून घरीही आली. पंगतीत जिलबीवाला समोर आला की मामा दोन्ही हात आडवे पसरायचे. डावीकडच्याचा मठ्ठा, उजवीकडच्याचा चष्मा. त्यांच्या शेजारचं पान शेवटपर्यंत रिकामं राहायचं.

या खुणांचा एक नियम होता आणि तो मामा व्रतासारखा पाळत. उचल-सोड सांगणारा माणूस एकच हवा, तो म्हणजे मुकादम, दुसऱ्या कुणी सांगितलं तर ऐकायचं नाही. पण थांबायची खूण मात्र कुणीही करावी, साहेबानं करावी नाहीतर रस्त्यानं जाणाऱ्या भाजीवालीनं, क्रेन थांबलीच पाहिजे. गंगापूर रोडला एकदा एका गुलमोहराचं काम चालू असताना समोरच्या गॅलरीत एक निवृत्त गृहस्थ व्यायामाला आले. त्यांनी हात पसरले, क्रेन थांबली. त्यांनी हात खाली घेतले, काम सुरू. पुन्हा पसरले, पुन्हा थांबली. तासाभरात एक फांदी खाली आली नाही. "अहो मामा, ते कसरत करताहेत," असं मुकादम ओरडून सांगत होता. मामा म्हणाले, "करू दे. हात पसरले ना त्यांनी?" शेवटी मुकादम जिना चढून वर गेला आणि आज फक्त प्राणायाम करा म्हणून त्या गृहस्थांच्या पाया पडला.

आणखी एक रीत होती, आदल्या दिवशीची. संध्याकाळी मामा एकटेच झाडापाशी जायचे, हळदकुंकू लावायचे, मूठभर तांदूळ ठेवायचे आणि महापालिकेचा परवानगीचा कागद झाडाला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवायचे, जावक क्रमांकासकट. मग हात जोडून म्हणायचे, "उद्या सकाळी नऊला काम शे. वर जे कुणी राहत असतील त्यांनी आपली सोय बघावी."

ही नोटीस आमच्याच दारच्या जांभळावर बजावली जाईल असं कधी वाटलं नव्हतं. घर बांधलं त्या वर्षी वडिलांनी ते लावलं होतं. वडील गेले, झाड वाढतच राहिलं आणि एका वादळानंतर मुळं उचकटून आमच्या छपरावर कललं. आता ते नाहीतर घर, असा प्रश्न होता. कागदपत्रं झाली, पण आईनं आठ दिवस कुणाशी धड बोलणं टाकलं होतं. मामा संध्याकाळी येऊन कागद वाचू लागले तेव्हा ती खिडकीत उभी होती.

"झाडाला सांगितलंत," ती म्हणाली. "मला कोण सांगणार?"

मामा चपापले. मग ओट्यावर आले, कागद पुन्हा उघडला आणि आईपुढं उभं राहून सगळा पुन्हा वाचला. शेवटी हात जोडून म्हणाले, "उद्या सकाळी नऊला काम शे, विहीणबाई. थांबवावं वाटलं तर दोन्ही हात पसरा. मी थांबेन."

दुसऱ्या दिवशी आई घरातून बाहेर आली नाही. साडेनऊला शेंडा सुटला आणि छपरावर अधांतरी झुलू लागला. तेवढ्यात आई ओट्यावर आली आणि तिनं दोन्ही हात पसरले. क्रेन थांबली. करवत बंद झाली. मला तर वाटलं, आता ही सगळ्यांना घरी पाठवणार. झुलतं ओझं सोडून मामांना उतरता येत नव्हतं, म्हणून त्यांनी केबिनमधूनच मान बाहेर काढली.

"त्याला यांची तार आहे," आई म्हणाली. "कंदिलाची."

दर दिवाळीला वडील वर चढून आकाशकंदील बांधायचे. ती तार फांदीत रुतून बसली होती. मामांनी तो शेंडा रस्त्याकडं न नेता इंच इंच करत अंगणात, आईच्या हाताशी आणला. तिनं त्या तारेवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला. मामा लीव्हरवर हात ठेवून नुसते बसून होते. मग आईनं डोळे पुसले, एक बोट वर केलं आणि फिरवलं. उचला.

त्यानंतर दिवसभर मामांनी मुकादमाकडं पाहिलंच नाही. खुणा आईच्या चालल्या. दुपारपर्यंत ती "हळू, तिथं तुळस आहे," म्हणून त्यांना दटावूही लागली होती.

मागच्या वर्षी मामांनी क्रेन विकली. गुडघे वाकेनात, कान ऐकेनात. मुलाकडं सटाण्याला कायमचं जायचं ठरलं, तेव्हा ते आमचा निरोप घ्यायला आले. चहा झाला, जीप निघाली, आणि फाटकात उभ्या असलेल्या आईनं एकदम दोन्ही हात पसरले. जीप कचकन थांबली. मामा कुरकुरत्या गुडघ्यांनी खाली उतरले. "काय झालं, विहीणबाई?"

आई आत जाऊन दुधाच्या पिशवीत लावलेलं एक रोप घेऊन आली. जांभळाच्या जुन्या खड्ड्यात पावसाळ्यात आपोआप उगवलेलं, चार पानांचं.

मामांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. थोडा वेळ तोलून पाहिलं.

"जड शे," ते म्हणाले.

आणि वजनाच्या बाबतीत मामा कधीच चुकत नाहीत.