मी सोडलेला चहा

माझी धाकटी जाऊ थापा मारते. हे मी चहाडी म्हणून लिहीत नाही. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, तिलासुद्धा. माझा राग वेगळाच आहे. तिच्या थापा सगळ्यांना आवडतात.

ती भाजी आणायला गेली तरी एखादी गोष्ट घेऊन परत येते. मोडनिंबला तिच्या माहेरी म्हणे माकड शिरलं, त्यानं फ्रिज उघडला, ताक प्यायलं आणि दार लावून गेलं. आठवड्यानं तीच गोष्ट सांगताना माकडानं ताकात मीठ घालून घेतलं. महिन्यानं त्याला मीठ कमी पडलं. सासूबाई पदर तोंडाला लावून हसतात. आम्ही दोघी त्यांना आत्या म्हणतो, आमच्याकडं तशीच पद्धत आहे. हसून झालं की त्या माझ्याकडं वळून विचारतात, तुझं काय गं आज? मी सांगते, काही नाही, दुपारी लाईट गेली होती.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे. टॉवेल टेबलावर पसरायचा, कुठं तार तुटलीय, कुठं तेलाचा डाग पडलाय ते बघायचं आणि खराब माल बाजूला काढायचा. वर्षानुवर्षं हे केल्यावर डोळ्यांना खोडच लागते. माकडाला फ्रिज उघडता येईल एक वेळ, पण दार लावायचं कसं सुचेल, असं मी एकदा बोलून गेले. धाकटी शांतपणे म्हणाली, तेच तर नवल की, ताई. सगळे हसले, आणि ते माकडाला हसले नाहीत. पुढं दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही.

माझ्या पोटात दुखायचं, उघडच सांगते. बोलणाऱ्याचा कोंडा विकतो, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत, त्यातली गत. आत्यांच्या गोळ्यांच्या वेळा मी सांभाळते. दवाखान्यात नंबर मी लावते. गेल्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा कारखान्यातून रजा काढून दिवसातून सहा वेळा डोळ्यात थेंब मी टाकले, वेळा कागदावर लिहून, तो कागद फ्रिजला चिकटवून. आणि शेजारपाजारच्या बायका आल्या की आत्या सांगणार काय, तर माकड.

पण एक गोष्ट माझ्याकडं होती जी तिच्याकडं नव्हती. चहा. ऑपरेशन झाल्यापासून मी कामावरून घरी आले की आत्या स्वतः उठून माझा चहा करायच्या. गुडघे दुखतात, ओट्याला धरून उभं राहावं लागतं, तरी करणार त्याच. आलं ठेचून, कपावर बशी झाकून. धाकटीनं एकदा मी करते म्हणून पातेलं उचललं तर आत्यांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं. मी दारातून पाहिलं. त्या दिवशी मला किती बरं वाटलं ते सांगायला लाज वाटते. थेंब बंद झाले तेव्हा आत्या माझा हात धरून म्हणाल्याही होत्या, तू माझ्यासाठी काय केलंस ते मला ठाव हाय. मला वाटलं, थेंब. न बोलता केलेलंही कुणीतरी बघतं, असं मी धरून चालले.

गेल्या महिन्यात आत्यांची बहीण दुधनीहून राहायला आली. मी कामावरून आले, चपला काढल्या, तशा आत्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. घरात दोन दोन सुना असताना तू का उठतीस, असं मावशींनी विचारलं. आत्यांनी चहा केला, कप माझ्या हातात दिला आणि मग सांगायला बसल्या. ऑपरेशनच्या दिवशी त्यांना आत न्यायच्या आधी त्या भेदरल्या होत्या. मी जवळ नव्हते, धाकटी होती. तिनं त्यांना सांगितलं की ताई बाहेर देवाच्या फोटोपुढं हात जोडून उभ्या आहेत, आणि तुम्हाला दिसेपर्यंत त्यांनी चहा सोडलाय.

"दिवसाला सा कप पिणारी ही," आत्या म्हणाल्या. "माझ्यापायी दोन दिस चहा सोडला. पोटच्या पोरीनं केलं नसतं."

मी धाकटीकडं पाहिलं. ती उंबऱ्यापाशी मेथी निवडत बसली होती. मान वर नाही.

त्या वेळी मी कुठं होते ते मला पक्कं आठवतं. फॉर्म भरून, आधारची झेरॉक्स देऊन मी दवाखान्याच्या खालच्या कॅन्टीनमध्ये गेले होते. पहिला चहा पांचट निघाला म्हणून दुसरा घेतला. बरोबर खारी घेतली. दुसऱ्या दिवशी पट्टी निघेपर्यंत आणखी चार-पाच कप तरी झाले असतील.

म्हणजे थेंब नव्हतेच. वर्षभर जो चहा मी माझ्या कष्टाचा समजून पीत होते, तो धाकटीच्या थापेचा होता. माझा नुसता तिळपापड झाला. केलं त्याचं नाव नाही, न केलेल्याचं एवढं कौतुक, आणि तेही हिनं मला दिलेलं.

"खरंच गं?" मावशींनी मला विचारलं. "दोन दिस चहा न्हाय?"

मी खोटं बोलत नाही, हे मी आयुष्यभर मिरवलेलं. नाही हो मावशी, मी खाली चहाच पीत होते, एवढंच म्हणायचं होतं. धाकटीची थाप एकदाची उघडी पडली असती. आत्या माझ्याकडं बघत होत्या, ज्यांत मी थेंब टाकले त्याच डोळ्यांनी. कप अजून गरम होता.

"व्हय," मी म्हणाले.

"दोन कुटले," धाकटी मेथीची काडी मोडत म्हणाली. "तिसऱ्या दिवशी मीच बळंच पाजला. कपाळाला फडकं बांधून बसल्या होत्या की."

आत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या होकारानं ते आलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा थाप मारली, तर तीही हिनंच रंगवून दिली.

मावशी झोपायला गेल्यावर ओट्यापाशी मी तिला गाठलं आणि विचारलं, असलं कशाला सांगितलंस? तिनं मेथी पाण्यातून काढून चाळणीत टाकली.

"आत्या लई घाबरल्या होत्या, ताई," ती म्हणाली. "मी हात धरून बसले होते, तरी आपलं एकच, मोटी कुटं हाय, मोटीला बोलव. तुमी चहाला गेलाय म्हणून कसं सांगू?"

मोठीला बोलव. धाकटी हात धरून बसलेली असताना. थेंबांच्या आधी, थापेच्याही आधी. एवढं मला कुणी कधी दिलं नव्हतं, आणि ते सांगितलं कुणी, तर हिनं.

हे खरं आहे का, ते आत्यांना विचारायचं मी रोज कारखान्यातून निघताना ठरवते. घरी येते, आत्या उठतात, आलं ठेचल्याचा आवाज येतो. मी चहा पिते आणि विचारत नाही.