आकडीवाल्या बाई

आमच्या पीटीच्या बाईंना जपानीत चारपर्यंतच मोजता यायचं. ‘इची, नी, सान, शी’ झालं की पाच-सहा-सात-आठ सरळ मराठीत. पुढचे आकडे मोबाईलवर ऐकले, पण डोक्यात राहत नाहीत, हे त्या बिनदिक्कत सांगायच्या. उमरीजवळच्या आमच्या गावच्या शाळेत आम्ही वीसेक मुली रोज सकाळी असं अर्धं जपानी, अर्धं मराठी ओरडत कवायत करायचो, आणि आपण फार मोठं काहीतरी करतोय असं आम्हाला वाटायचं.

बाई धर्माबादच्या. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या बांगड्यांचं दुकान. एकदा हेडसर खेळात हरलेल्या मुलांवर चिडून “बांगड्या भरा बांगड्या!” म्हणाले. बाई शांतपणे म्हणाल्या, “सर, माप सांगा. घरचंच दुकान हाय.” त्यानंतर सरांनी ते शब्द शाळेत कधी उच्चारले नाहीत.

रद्दीत सापडलेलं एक पुस्तक त्यांच्या पिशवीत कायम असायचं. जपानातल्या लढवय्या बायकांचं. त्यातल्या एका चित्रात एक बाई हातात लांब दांडा घेऊन उभी होती, दांड्याच्या टोकाला वाकडं पातं. तिकडे त्याला नागिनाता म्हणतात, असं बाई सांगत होत्या, तोच आम्ही सगळ्या ओरडलो, “बाई, ही तर आकडी!” बाभळीचा पाला पाडायला बांबूला विळा बांधतात ती आकडी. आमच्याकडे शेळ्या असलेल्या प्रत्येक घरात ती असतेच.

दुसऱ्या दिवसापासून विळा घरी ठेवून नुसता बांबू शाळेत आणायचा हुकूम सुटला. तिसऱ्या दिवशी गावातल्या झाडून सगळ्या शेळ्या उपाशी. आया फाटकाशी जमल्या, आणि सगळ्यांच्या पुढे माझी आई! बाईंनी तिला चित्र दाखवलं.

“ही पाला तोडायला निघाली का?” आईनं विचारलं.

“हाव ताई. शेळ्याचं झालं की दुश्मनाचं.”

आई खूप हसली, पण बांबू घेऊनच गेली. मग कवायत सकाळी, बांबू दुपारी घरी, असा तह झाला.

“मर्दाचा हात अडीच फूट, तुझी काठी सात फूट. हिसाब कर अन् भिऊ नको,” हे बाईंचं आवडतं वाक्य. आम्हाला ते पाढ्यांच्या आधी पाठ झालं.

आमची शाळा सातवीपर्यंतच. आठवीला उमरी गाठायची, तर कॅनॉलच्या कडेनं तासाभराची पायवाट. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका वाक्यात विषय मिटवला, “वाट सुनी हाय, पोरगी घरी राहील.” मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी बाई पुस्तक घेऊन आमच्या ओसरीवर हजर.

त्यांनी अण्णांना जपानातल्या एका गढीची गोष्ट सांगितली. तिला वेढा पडला, तेव्हा तिथल्या बायकांनी केस कापले आणि त्या कुणाची परवानगी न मागता नागिनाता घेऊन लढायला गेल्या. अण्णा मन लावून ऐकत होते.

“मंग? जिंकल्या का?”

मी दाराआडून मनातल्या मनात बाईंना विनवत होते, खोटं सांगा, एवढं एकदाच खोटं सांगा.

“न्हाई अण्णा. हरल्या. लई जणी मेल्या.”

“मंग मला कामून सांगून राहिल्या ही गोष्ट?”

“त्याच गढीत एक बाई बंदूक घेऊन लढली. ती वाचली. पुढं नवऱ्यासंगं शाळा उभी केली तिनं. पोरी शिकल्या तिथं. त्याच्यासाठी सांगून राहिले.”

अण्णांनी पुस्तक हातात घेऊन चित्र न्याहाळलं. मग म्हणाले, “पण वाट?”

“उमरीला जाणाऱ्या सहा पोरी हायेत. सहा काठ्या.”

आतून आईनं निकाल दिला, “जाऊ द्या तिला. येताना कॅनॉलवरचा पाला घेऊन येईल.”

अशी मी आठवीला गेले. खांद्यावर दप्तर, हातात विळा बांधलेली आकडी, येताना डोक्यावर पाल्याचा भारा. तीन वर्षांत आमच्या वाटेला कुणी गेलं नाही, आणि शेळ्या तर गुटगुटीत झाल्या. दहावीचा निकाल सांगायला गेले तेव्हा बाईंची बदली होऊन गेलेली. नंतर फोनवर बोलणं व्हायचं, भेट मात्र राहूनच गेली. आता मी नांदेडला शाळेत शिकवते.

परवा जूनमध्ये गावी होते, तेव्हा बाई गेल्याचा फोन आला. अण्णा अंगणात शेजारच्या मुलीसाठी आकडी बांधत होते. तिची आठवी सुरू होणार होती. मला रडू आवरेना. अण्णांनी बांबू मांडीवर आडवा ठेवला.

“गढीतली ती वाचलेली बाई... तिची शाळा हाय का अजून?”

“हाय, अण्णा.”

त्यांनी विळ्याची गाठ करकचून आवळली आणि आकडी त्या मुलीच्या हातात दिली.