तीनशे सतरा नंबरची काच

दवनीवाड्याहून सकाळच्या बसने निघालो तेव्हा पिशवीत दोन दिवसांचे कपडे होते. माझी मुलगी प्रज्ञा सहा वर्षांची होती, वजन चौदा किलो दोनशे ग्रॅम. गोंदियाच्या डॉक्टरांनी तिला नागपूरला न्यायला सांगितलं होतं, कारण सांगितलं नव्हतं. बाबा थांब्यापर्यंत आले. "परवा येतो," मी म्हणालो. ते माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या बायकोला, सुनंदाला, म्हणाले, "पोरीले खिडकीजवळ बसव."

ते माझ्याशी का बोलले नाहीत, हे गावात मी कुणाला सांगितलेलं नाही. आज तुम्हा गावकऱ्यांसाठी लिहितो.

मी तेव्हा आरोग्य केंद्रात मलेरियाच्या कामावर होतो. ताप असलेल्याचं बोट टोचायचं, रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, काच तपासणीला पाठवायची, निकाल रजिस्टरात लिहायचा. तुमच्यापैकी बहुतेकांची बोटं मी टोचली आहेत. प्रज्ञाला ताप आला तेव्हा तिचीही काच घेतली. नंबर ३१७. निकाल आला, निगेटिव्ह. तिच्या नावापुढे मी तो शब्द लिहिला आणि निश्चिंत झालो.

त्याच आठवड्यात बाबांनी तिला अंगणात उजेडाकडे तोंड करून उभं केलं आणि डोळ्याची खालची पापणी ओढली. बकरी विकत घेताना ते हेच करतात. आत लाल दिसलं तर जनावर चांगलं.

"पांढरी फट्ट पडली पोट्टी. तुले काऊन दिसत नाही?"

"ती का बकरी होय, बाबा? रिपोर्ट निगेटिव्ह आहे."

"रिपोर्टले डोळे असतात काय रे?"

प्रज्ञा बकरीसारखी ओरडली, "मॅऽऽ". आम्ही सगळे हसलो. त्यानंतर मी एकोणीस दिवस घालवले. विसाव्या दिवशी तिच्या नाकातून रक्त आलं आणि थांबेना, तेव्हा तिला गोंदियाला नेलं.

नागपूरच्या रुग्णालयात सव्वा अकराला रक्त घेतलं, चारला डॉक्टरांनी आत बोलावलं. हिमोग्लोबिन ३.८. पांढऱ्या पेशी ब्याण्णव हजार. मला आकडे कळतात, म्हणून मी ते वहीत उतरवून घेतले. मग डॉक्टर म्हणाले, "हाडातला मगज तपासून पक्कं करू, पण हा रक्ताचा कॅन्सर आहे." मी तेही लिहिलं. खाली तारीख टाकली.

"काय लिवून राहिले तुम्ही?" सुनंदा म्हणाली. माझा हात थांबत नव्हता.

आधी रक्त तपासलं होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं. "फक्त मलेरियासाठी," मी म्हणालो. ते म्हणाले, "त्या काचेवरही दिसलं असतं कदाचित. पण मलेरिया शोधणारा मलेरियाच बघतो." त्यांच्या आवाजात दोष देणं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात रजेचा अर्ज द्यायला केंद्रावर गेलो तेव्हा ३१७ नंबरची काच मागितली. आमच्याकडे काचा धुऊन पुन्हा वापरत. तिच्यावर तोवर दुसऱ्या कुणाचं तरी रक्त गेलं होतं. त्या एकोणीस दिवसांनी किती बिघडलं, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. बाकी प्रत्येक आकडा मी मागून घेतला आहे.

दोन दिवसांची अडीच वर्षं झाली. रुग्णालयामागे एक खोली घेतली. धानाच्या रोवणीच्या दिवसांत तुम्ही फोनवर किती बांध्या लावून झाल्या ते सांगायचे, मी प्रज्ञाच्या पेशींचा काउंट सांगायचो. केमो, प्लेटलेट, पाठीतलं इंजेक्शन हे शब्द प्रज्ञा पहिलीच्या पुस्तकाआधी शिकली. वॉर्डात चौदा खाटा होत्या. सहाव्या खाटेवर आमगावची एक मुलगी होती. ती प्रज्ञाच्या टकलावर पेनाने भांग काढायची आणि वेणी घातल्याची नक्कल करायची. त्या चौदा मुलांपैकी आज किती आहेत हे मी मोजायला घेतो, आणि सहाव्या खाटेपाशी थांबतो.

माझी नोकरी सुटली. आता नागपुरातच एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेतो. एकाच तपासणीची चिठ्ठी असली आणि समोरचं मूल पांढरं दिसलं, तर आत जाऊन सांगतो, सगळं बघा. मालक वैतागतो. वैतागू दे.

प्रज्ञा चौदा वर्षांची आहे. उपचार संपून साडेपाच वर्षं झाली. आता वर्षातून एकदाच या, असं डॉक्टर म्हणाले. तो कागद मी फायलीत लावला, पण अजून मला तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो.

घर नागपूरचं की दवनीवाड्याचं, असं तुम्ही विचारता. रेशनकार्ड नागपूरचं आहे, गॅस नागपूरचा आहे. पण गावी आलो की बाबा आम्हाला आधी आत घेत नाहीत. प्रज्ञाला अंगणात उजेडाकडे उभं करतात. ती आता त्यांच्याहून उंच, म्हणून वाकते. "मॅऽऽ, आबाजी," म्हणते. बाबांचा अंगठा तिच्या डोळ्याखाली असतो तेव्हा पिशवी माझ्या हातातच असते.

मग ते माझ्याकडे वळतात. "लाल हाये," मला सांगतात. "चाल, आत ये."

मग मी चप्पल काढतो.