फोटो कुठून कापायचा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तुरीच्या शेंगा सोलणं. ओट्यावर ऊन होतं. मधे ताट, अलीकडे मी, पलीकडे बायको. तिची बोटं सरसर चालायची, माझी अडायची.

"ध्यान कोठे शे तुम्हनं?" ती म्हणाली. "किडेल दाना बी ताटमा टाकी ऱ्हायनात."

"किडा बी तुरनाच शे," मी म्हटलं.

"तेले दात नही, तुम्हले बी नही. एकच पंगतमा बठा दोन्ही."

स्वतः हसली नाही. दुसऱ्याला हसवून आपण तोंड कोरडं ठेवायची तिची सवय होती. रात्री त्या दाण्यांची आमटी खारट झाली. मी तसं म्हटलं, तिनं कानाआड केलं. सकाळी नळावर हंडा भरता भरता खाली बसली ती उठली नाही. रिक्षात घालून पाचोऱ्याला नेली. वाटेतच गेली होती. डॉक्टरकडे फक्त सांगायचं काम उरलं होतं.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. पण तिच्या फोटोवरून गावात भलतंच बोललं गेलं, म्हणून खरं काय ते लिहितो.

आमच्याकडे माणूस गेलं की दहाव्यानंतर गंधमुक्ती असते. सगेसोयरे येतात, कपाळाला गंध लागतं, सुतक फिटतं. मांडवात खुर्चीवर गेलेल्याचा फोटो ठेवतात आणि जो येतो तो त्याला हार घालतो. फोटो तर पाहिजेच. आणि तिचा फोटो नव्हता. आधारकार्डावरचा होता, पण त्यात ती चोरीत धरल्यासारखी दिसते. फोटो काढायचा म्हटलं की उठून आत जायची बाई.

एक होता. पुतणीच्या लग्नात पुतण्यानं मोबाइलवर काढलेला, तिला न सांगता. मांडे चाललेले तेव्हाचा. ज्यांना मांडे माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. पुरण भरलेली पोळी लाटायची, मग ती दोन्ही हातांवर घेऊन झेलत झेलत मोठी करायची, मनगटापासून कोपरापर्यंत पसरेल इतकी, आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर टाकायची. फाटली तर लग्नघरात हसू होतं. तिची फाटत नसे. भाऊबंदांत कुठंही लग्न निघालं की आधी तिला बोलावणं यायचं, मागून पत्रिका.

त्या फोटोत तिच्या दोन्ही हातांवर मांडा आहे, उजेड आरपार जाईल इतका पातळ. मान खाली, नजर मांड्यावर. घामानं कपाळ चमकतंय. मी तिच्या डाव्या बाजूला उकिडवा बसून चुलीत लाकडं सारत होतो. तिचा पदर सुटून जाळाकडे चालला होता, तो मी धरला. तिला त्याचा पत्ताच नव्हता. पुतण्यानं नेमका तेव्हाच फोटो घेतला. म्हणून फोटोत माझं अर्धं डोकं आहे, उघडं तोंड आहे आणि पदर धरलेला हात आहे. बाकी मांडवाचं कापड, पाण्याचा ड्रम, कोणाचे तरी पाय.

मी आणि माझा शालक, तिचा धाकटा भाऊ, पाचोऱ्याला स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाला बरा माणूस. त्यानं फोटो मोठ्या पडद्यावर घेतला. त्यावर एक चौकट आणली आणि ती इकडून तिकडून ओढायला लागला. चौकटीबाहेरचं सगळं काळं पडायचं.

"आबा, ज्याच्यावर नजर जायला पाहिजे तेवढं ठेवायचं," तो म्हणाला. "बाकीचा पसारा काढायचा. बघा, ड्रम गेला, पाय गेले. किती मोकळं झालं."

झालं होतं खरं. ड्रम गेल्याबरोबर मांडा मोठा दिसायला लागला. मला पटलं. शेतातही गर्दी काढली की राहिलेलं झाड भरतं.

"आता दाजीले काढ," शालक म्हणाला.

स्टुडिओवाल्यानं चौकट डावीकडून आत ओढली. माझं डोकं गेलं. पण हात जाईना. हात घालवायचा तर तिचं कोपर जात होतं, अर्धा मांडा जात होता. हात मनगटावर कापला तर नुसता पंजा पदराला लोंबकळत होता.

"राहू दे माझा हात," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे?" शालक खुर्चीवरून उठलाच. "जित्ता माणूसना हात, तेले हार घालाना? डोकं शे का ठिकानवर?"

आमच्यात जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. घातला तर त्याचं आयुष्य तुटतं म्हणतात.

"तुटू दे," मी म्हटलं. "माले कोठे जत्राले जानं शे?"

"मरानी घाई व्हई तं घर जाईसन मरा. बहीनना फोटोमा नको."

स्टुडिओवाला मधे पडला. म्हणाला, हात पुसून टाकता येतो. आणि पुसलाही. मग पदर असा हवेत ताणलेला राहिला, धरणारं कोणी नाही.

"हा पदर कोणी ओढला मग?" मी विचारलं. "भुतानं?"

तो हसला. शालक नाही हसला. त्यानं माझ्या मुलीला धुळ्याला फोन लावला आणि माझ्या कानाला दिला. मी तिला सगळं सांगितलं. ती रडत म्हणाली, "आबा, तुमचा हात नको त्या फोटोत. आई गेली तेवढं पुरे झालं. माझ्यासाठी तरी नको."

लेक रडायला लागली की माझ्याकडे बोलायला काही राहत नाही. "कर बाबा तुला करायचं तसं," मी स्टुडिओवाल्याला म्हटलं. त्यानं चौकट सगळीकडून आत घेतली. हात गेले, मांडा गेला, चूल गेली. राहिला तिचा चेहरा आणि गळ्यापर्यंतचं लुगडं. मागं निळा रंग भरला. स्वच्छ, चोख. शालक म्हणाला, "आते कसं, देवमानूसगत दिसस."

मला काहीतरी खटकत होतं. काय ते तिथं कळलं नाही.

ते गंधमुक्तीच्या दिवशी मांडवात कळलं. फोटो खुर्चीवर होता, हारावर हार पडत होते. मी समोर बसलो होतो आणि बाया मागं बसून बोलत होत्या. हळू बोलत होत्या, पण मी दातांनी गेलोय, कानांनी नाही.

"कशी मान खाले घाली बठेल शे माय."

"मनमा काय काय व्हतं, कोन जाने."

"दबीसन ऱ्हायनी बिचारी."

मग मी फोटोकडे पाहिलं. मांडा काढून घेतला होता, नजर तशीच राहिली होती. खाली. जिच्याकडे ती पाहत होती ती वस्तूच नव्हती, तर माणसं काय समजणार? शरमेनं, नाहीतर मारानं मान खाली घातलेली बाई. कपाळावरचा घामही आता दुसराच काहीतरी वाटत होता. जन्मभर माझ्यासमोर ताठ मानेनं बोलली ती, सासूसमोर बोलली, माझं चुकलं तर चारचौघांत बोलली. आणि तिच्या शेवटच्या कार्यात आम्ही तिला अशी बसवून ठेवली होती.

जेवणं झाल्यावर चुलत भावजय काठी टेकत आली. म्हातारी तोंडाची फाटकी, पण मनात ठेवत नाही. फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाना, हाई तं मान खाले घालनारी नव्हती. तुम्ही काय करं तिले?"

चेष्टा होती का खरं विचारत होती, ते कळलं नाही. आसपासच्या सगळ्या बाया माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी उठायच्या आत मी पहिली एसटी धरली आणि स्टुडिओच्या पायरीवर जाऊन बसलो. स्टुडिओवाल्यानं शटर वर केलं आणि माझ्याकडे पाहतच राहिला.

"आबा, फोटो नेला ना तुम्ही?"

"तो तिचा नाही. पुतण्यानं पाठवलेला काढ. मी सांगतो तसा काप."

त्यानं तो पडद्यावर घेतला. मी बोट लावून सांगितलं. वरचं मांडवाचं कापड काढ. ड्रम काढ, पाय काढ. खाली जाळ दिसू दे, नाहीतर पदर कशाला धरला ते कळणार नाही. उजवीकडे मांड्याच्या पुढे थोडी जागा सोड, तिला खापरावर टाकायचाय तो. डावीकडे माझं डोकं काढ.

"तोंड काढू तुमचं? चांगलं आलंय."

"उघडं आलंय. काढ."

"आणि हात?"

"हात कोपराच्या वरून ठेव. मनगटावर कापू नको."

"हार घालतील आबा."

"खिळा मी ठोकणार आहे. हार घालणाराला मी पाहून घेतो."

त्यानं चौकट सरकवली, थोडी मागं घेतली, पुन्हा पुढं घेतली. मग हात माउसवरून काढला आणि नुसता पाहत बसला. काच लावून, दोरी लावून फोटो हातात दिला.

परतीच्या एसटीत फोटो मांडीवर घेऊन बसलो. शेजारी एक बाई होती, टोपलीत कोथिंबीर घेतलेली. बराच वेळ वाकून फोटोकडे पाहत होती.

"हात चांगला शे बाईना," ती म्हणाली. "मांडा कोठेच फाटेल नही. कोनाकडनं लगीन व्हतं?"

"पुतणीचं."

"आमना घर बी लगीन शे आखाजीले. ती येई का मांडा कराले?"

"नही," मी म्हटलं. "आते ती कोठेच जात नही."