रगडा घेऊन घर बघायला

घर कसं बघावं हे देवानं एकाच माणसाला शिकवलं आणि तो माणूस नेमका माझा व्याही निघाला. मी चौथीपर्यंत शाळेत गेलेला माणूस, कोणाची उगाच स्तुती करायची मला सवय नाही. तारकर्लीत कोणालाही विचारा, माझ्यासारखा हटवादी म्हातारा या किनाऱ्याला नाही असंच सांगतील, आणि ते खरं आहे. पण देवबागला माझ्या लेकीचे सासरे राहतात, त्यांच्यापुढे मी हटवादीपणातही दुसऱ्या नंबरचा. लेकीला बघायला आले तेव्हा सगळी पाहुणेमंडळी ओटीवर पोहे खात बसली आणि हा गृहस्थ सरळ मागच्या दारी विहिरीवर गेला. स्वतः कळशी सोडली, पाणी काढलं, उभ्याउभ्या ओंजळीनं प्याला, आणि मिशा पुसत पुढे येऊन म्हणाला, "पाणी बरा आसा. ह्या घरातला चेडू बराच आसतला." झालं. मुलीकडे वर मान करून बघितलंसुद्धा नाही. माझ्या बायकोला हे अपमानाचं वाटलं. मला मात्र वाटलं, माणूस वेडा असेल, पण वेडात हिशेब आहे.

त्यांचा सगळा जन्म रापणीवर गेला. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. त्याच्या दोन्ही बाजूंच्या दोऱ्या वाळूवर असतात आणि अर्धा गाव त्या ओढायला लागतो. तिथला कायदा एकच. दोरीला हात लावला त्याला मासळीत वाटा, मग तो रस्त्यानं जाणारा परका का असेना. आणि हात नाही लावला तर वाटा नाही, मग तो कोणी का असेना. हे मला फार लवकर कळलं. लग्नाला महिना झाला नसेल, मी पिशवी घेऊन ऐटीत देवबागच्या वाळूवर पोचलो. जाळं वर आलेलं, बांगडे उडतायत, व्याही वाटे घालतायत. मी पिशवी पुढे केली. त्यांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. "व्याहीनू, दोरयेक हात लागलो तुमचो?" मी म्हटलं, "नाय." "मगे वाटो नाय." शंभर माणसांसमोर! मी रिकामी पिशवी घेऊन घरी आलो, डाळभात जेवलो आणि वर्षभर त्या माणसाशी बोललो नाही. पण खरं सांगतो, मनातल्या मनात मी त्यांना त्याच दिवशी मानलं.

बोलणं सुरू झाल्यावर कळलं की ते एरवीही असेच. फोनवर बोलतात ते खाडीपलीकडच्या माणसाला हाक घातल्यासारखं, आणि पलीकडच्यानं काही म्हणायच्या आत फोन ठेवतात, कारण आपलं सांगून झालेलं असतं. राग आला की घरात शब्द बोलत नाहीत, समुद्राकडे तोंड करून बसतात आणि राग संपला की उठतात. देवबाग ही एका बाजूला खाडी आणि एका बाजूला समुद्र अशी वाळूची पट्टी, तेव्हा बसायला जागा कमी नाही. त्यांची बायको वारली त्यानंतर मात्र ते खाडीकडे तोंड करून बसले. समुद्र रागाचा, त्या दिवशी राग नव्हता, म्हणाले.

तर अशा माणसाच्या मुलाला पुण्यात नोकरी लागली. बिऱ्हाड हलवायचं ठरलं. माझी लेक, जावई आणि तीन वर्षांची नात. प्रश्न एवढाच, राहायचं कुठे? शहरात पेठेत दोन खोल्या मिळत होत्या, तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, पण खाली उतरलं की डॉक्टर, शाळा, भाजी. तेवढ्याच भाड्यात गावाबाहेर उपनगरात तीन खोल्या, लिफ्ट, बाग, पोरीला खेळायला जागा, पण ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. जावई म्हणाला, तुम्ही मोठी माणसं बघून या. तुम्हाला वाटेल यात दोन म्हाताऱ्यांनी काय बघायचं? पण गोष्ट साधी नव्हती. याआधी वर्षभर लेक दुसऱ्या एका शहरात राहिली होती. नवरा कामावर, पोर तान्ही, आणि हिला ताप भरला. दोन दिवस पडून होती. परत आली तेव्हा मला एवढंच म्हणाली, "बाबा, दोन दिवसांत आमचं दार कोणीच ठोठावलं नाही." हे वाक्य मी व्याह्यांना सांगितलं. ते उठले आणि समुद्राकडे जाऊन बसले. परत आल्यावर म्हणाले, "चला, पुण्याक जावया. पण थंय समुद्र नाय. मगे माणूस रागावलो की जाता खंय?" मी म्हटलं, "त्याचा काय ता थंय गेल्यार बघू."

बसवर बघतो तर यांच्यासोबत गोणपाटात बांधलेला दगडी रगडा. मसाला वाटायचा, त्यांच्या बायकोचा, एकट्याला हलत नाही असा. पिशवीभर नारळ वेगळे. मी म्हटलं, "घर ठरूक नाय आणि सामान कित्याक?" तर म्हणाले, "घर आमी बघतलंव, तसा घरानय आमका बघूक होया." यावर काय बोलणार? कंडक्टर बोलला, पण त्याचं यांनी ऐकलं नाही.

जावई पुण्यात आधीच रुजू होऊन एका मित्राच्या खोलीवर राहत होता, तिथे उतरलो आणि आधी पेठेत गेलो. माझं मत पेठेचंच होतं आणि आजही आहे. जिन्याखाली एका कुटुंबाचं सामान टेंपोतून उतरत होतं. आम्ही दोघांनी रगडा भिंतीला टेकवला, व्याह्यांनी पंचा कमरेला आवळला आणि कोणी न बोलावता त्यांच्या कपाटाला हात लावला. दुसऱ्या मजल्यावर चढवलं. मग गादी, मग शिलाई मशीन. सगळं झाल्यावर त्या घरात मांडी घालून स्वस्थ बसले. घरवाल्याला कळेना. मला कळत होतं आणि म्हणून मी जिन्यातच थांबलो. शेवटी त्या भल्या माणसानं खिशातून पन्नासची नोट काढली. व्याही ताडकन उठले. "वाटो मागतंय रे मी, मजुरी नको माका!" तो बिचारा गोंधळला, आपला वाटा कशात आणि का, त्याला काय ठाऊक! खाली आल्यावर व्याही म्हणाले, "हमाल समजलो माका. ह्या गावात ऱ्हवाचा नाय." मी समजावलं, पुण्यात रापण नाही, त्यांना हा कायदा माहीत नाही. म्हणाले, "कायदो माहीत नसलो तरी पोटात आसता."

दुसऱ्या दिवशी उपनगरात. रिक्षावाल्यानं फाटकावरच सोडलं, आत रिक्षा चालत नाही. इमारत लांब, मध्ये बाग. व्याही रगड्याशेजारी उभे राहिले आणि हलेनात. माणसं येत होती, कानात बोंडं घातलेली, बघून बाजूनं जात होती. मी आतून खूश होत होतो. त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि काळजीनं म्हणाले, "हंय कोणाच्या हातात कायच जड नाय. ओझा नाय त्या गावात शेजार होतलो कसो?" तेवढ्यात भाजीची पिशवी घेतलेली एक बाई थांबली. "काका, कितव्या मजल्यावर न्यायचाय?" व्याही एकदम शुद्ध बोलायला लागले, सरकारी कचेरीत बोलतात तसे. "मजला अजून ठरला नाही. घर अजून घेतलं नाही. रगडा आधी आला." ती बाई जी हसायला लागली ती थांबेना. भाजी तिथेच कट्ट्यावर ठेवली, वर बघून कोणाला हाक मारली, एक चादर खाली आली, कॉलेजातली दोन पोरं आली, एक ऑफिसला निघालेला गृहस्थ बॅग पाठीवर टाकून आला. चादरीत घालून पाच जणांनी रगडा लिफ्टपर्यंत नेला. वर रिकाम्या घरात एजंट वाट बघत होता. त्याच्याकडे न बघता व्याह्यांनी रगड्यावर नारळ फोडले आणि ज्यानं ज्यानं हात लावला होता त्याला त्याला वाटा दिला. पाठीवर बॅग असलेला गृहस्थ अर्धा नारळ हातात घेऊन ऑफिसला गेला. एजंटनं हात पुढे केला. व्याही म्हणाले, "तुमचा हात लागला नाही."

मग एजंट नळ दाखवू लागला, तर यांनी सदरा काढला, पंचा पसरला आणि लादीवर आडवे झाले. "घर बघूचा तर थंय निजान बघूक होया." आणि खरंच घोरायला लागले. एजंट खिडकीत उभा, मी भिंतीला टेकून. दुपारी दार वाजलं. मघाचीच बाई, हातात आमटीभाताचा डबा. "रिकाम्या घरात तुम्ही जेवणार काय, म्हणून आणलं." व्याही उठून बसले. आधी डब्याकडे बघितलं, मग दाराकडे, मग माझ्याकडे. दार कोणीतरी ठोठावलं होतं, एवढंच.

पण मीही सुखासुखी ऐकणारा नव्हे. म्हटलं, "व्याहीनू, हो न्याय नाय. पेठेत तुमी त्यांची दोरी ओढलास, हंय त्यांनी तुमची ओढली. रगडो पेठेत व्हरूक होयो." दुसरा कोणी भांडला असता. हे म्हणाले, "बरोबर बोललास." आणि तिसऱ्या दिवशी तो रगडा परत रिक्षात. जावयानं कपाळाला हात लावला. पेठेत जिन्याखाली उभे राहिलो तर तो परवाचा घरवाला वरून बघून बनियनवर धावत खाली आला. "काका, परवा तुम्ही चहा न घेता गेलात, बायको मला अजून बोलतेय!" त्यानं आणि शेजारच्या दोघांनी रगडा तिसऱ्या मजल्यावर चढवला, आणि यांचं बघून झाल्यावर उतरवूनही दिला. व्याह्यांनी त्यांनाही नारळ वाटले, चहाही घेतला. जिना उतरताना मात्र त्यांचा चेहरा पडला होता. "व्याहीनू, माणसा थंयय आसत आणि हंयय आसत. आता काय करूया?" जन्मात पहिल्यांदा त्यांचा कायदा कामाला आला नव्हता, कारण दोन्हीकडे वाटा निघत होता.

रगडा जावयाकडे ठेवून आम्ही गावी आलो आणि माझ्या ओटीवर दोन दिवस भांडलो. मी पेठ सोडीना, ते ठरवीनात. माहेरी आलेली लेक आत भाकऱ्या थापत ऐकत होती. हात पुसत बाहेर आली आणि व्याह्यांच्या पिशवीकडे बोट दाखवून सासऱ्यांना म्हणाली, "मामा, हो डबो कोणाचो?" तोच आमटीभाताचा डबा! मी म्हटलं, "अरे देवा, त्या बाईचो डबो घेवन इलास तुमी?" व्याही म्हणाले, "मगे? रिकामो डबो परत कसो देवचो? त्यात सुको बांगडो आणि कोकमाची सोला घालूक नको?" लेकीनं डबा हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला, आणि म्हणाली, "मगे झाला तर. हो परत देवक माकाच जावक होया. पेठेत माझा काय आसा? तुमी त्यांच्याकडे चाय पिऊन मोकळे झालास. हंय तिचो डबो माझ्याकडे आसा, म्हणजे थंय माझी वळख आसा." व्याही तिच्याकडे असे बघत राहिले, जसं त्या दिवशी माझ्या विहिरीकडे बघितलं असेल. म्हणाले, "पाणी बरा होता, मी सांगूक नाय?"

बिऱ्हाड उपनगरात हललं. डबा भरून परत गेला, आणि तो परत भरून आला, आणि अजून तो दोन घरांत फिरतो आहे. तिसरी खोली सगळ्यांनी व्याह्यांचीच धरली होती. लेकीनं तिथं त्यांचा पंचासुद्धा वाळत घातला होता. ते आठ दिवस राहिले, समोरच्या टेकडीवर जाऊन बसून बघितलं. मी विचारलं, कशी वाटली टेकडी? म्हणाले, "रागाक चलात. पण दुसऱ्या कशाक चलाची नाय." आणि परत आले. रगडा तिकडेच ठेवला.

परवा मी देवबागला रापणीवर गेलो. आता मी लवकर जातो, दोरीला हात लावतो आणि ताठ मानेनं माझा वाटा घेतो. माझा वाटा झाला, आणि व्याह्यांनी त्याच्या शेजारी वाळूवर आणखी एक लहान ढीग घातला. चार बांगडे. मी विचारलं, "हो कोणाचो?"

"तुमच्या चेडवाचो. तुमी खावा."

मी हा मोका सोडणार नव्हतो. इतक्या वर्षांची रिकामी पिशवी आठवत होती. "व्याहीनू, तिचो हात खंय लागलो दोरयेक?"

ते दोरी गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "ओढता हा ती. थंयसून."

मी ते बांगडे वेगळ्या पिशवीत घातले. घरी आल्यावर लेकीला फोन केला, तुझा वाटा आलाय म्हणून सांगितलं. मागे रगड्याची घरघर ऐकू येत होती, आणि शेजारची कोणी बाई तिला विचारत होती, बघ गं, एवढं बारीक पुरे का अजून वाटू?