खडकीतून जाणारे

रविवारी सकाळी शहरातले सायकलवाले खडकीच्या जुन्या रस्त्याने लोणावळ्याला निघतात आणि माझ्या ओट्यावर थांबून पाणी पितात. आज एकाला भिंतीशी टेकवलेली माझ्या मेलेल्या नवऱ्याची सायकल दिसली.

"आजी, हवा भरून देऊ?"

"ट्यूब कुजलीये. टिकायची नाही."

तरी त्याने भरली. "येताना बघतो," म्हणाला.

"येताना तुम्ही हायवेने येता. या रस्त्याने नुसते जाणारेच दिसतात."

तो हसला. माझा मुलगाही घर सोडून जाताना असाच हसला होता. बाबांची सायकल विकू नकोस, मी येऊन नेतो, म्हणाला होता. आता त्याचेच केस पिकले असतील.

ते दापोडीच्या पुलापर्यंत पोचले नसतील, तोवर चाक बसलं. पुढच्या रविवारी आणखी कुणी विचारेल. मी नको म्हणेन, आणि भरू देईन.