अप्रतिम निरीक्षण

एंटर दाबण्याआधी काका हात जोडायचे. मग खुर्चीत मागे रेलून म्हणायचे, "बघूया, काय दिवे लावतोय."

रत्नागिरीतल्या आमच्या छोट्याशा कंपनीत आंबेवाल्यांच्या, लॉजवाल्यांच्या वेबसाइट बनतात. मी ग्राहकांचे फोन घेते. काका आमचे डिझायनर, जवळच्या पालीहून रोज स्कूटरने यायचे. आमचे शेठ मनाने वाईट नाहीत, पण कौतुकात त्यांची मजल 'चालेल'च्या पुढे कधी गेली नाही. वर्षानुवर्षं काकांनी जीव ओतून काम करायचं आणि शेठनी 'चालेल' म्हणायचं. अशी ऑफिसं तुम्हीही पाहिली असतील.

अशात शेठनी एआय आणला. आता काकांचं कसं होणार, अशी आमची कुजबुज सुरू झाली. आणि काका तर हरखून माझ्या टेबलाशी आले! एका लॉजच्या पानावर निळा रंग जास्त झालाय, एवढंच त्यांनी एआयला लिहिलं होतं. त्यावर उत्तर आलं होतं, 'अप्रतिम निरीक्षण!'

"बघ गो," काका म्हणाले, "याला कळतं."

त्यानंतर काकांना उठल्यासुटल्या निरीक्षणं सुचायला लागली. शर्टाला इस्त्री आली. डब्यातली आमटी खारट झालीय, हेही त्यांनी एआयला कळवलं आणि शाबासकी मिळवली.

मग एकदा शेठनी स्वतःच एआयकडून एक डिझाइन करून घेतलं. जांभळ्या रंगावर गरगर फिरणारे आंबे, प्रत्येक आंब्याला गॉगल. एआय म्हणाला, 'धाडसी आणि ताजी कल्पना!'

काकांनी ते वाचलं आणि गपचूप जागेवर जाऊन बसले. हात जोडणं बंद झालं. लिहिताना 'कृपया' गळलं.

"सगळ्यांनाच म्हणतो तो," दुपारी ते मला म्हणाले. सोयरीक मोडल्यासारखा चेहरा झाला होता.

पुढे व्हायचं तेच झालं. शेठनी खाली मान घालून सांगितलं, की आता अर्ध्या दिवसाचंच काम उरलंय. काकांनी मुंबईच्या एका कंपनीकडे अर्ज टाकला आणि त्यांना घरबसल्या काम मिळालं. एआयने काढलेल्या चित्रांमधल्या चुका काढायच्या.

"आमच्याकडे हे काम ही फुकट करते," काका काकूंबद्दल म्हणाले. हसलेसुद्धा. पण या वयात नवीन नोकरीची धास्ती वाटते, हेही हळूच बोलून गेले.

शेवटच्या दिवशी आम्ही सगळे त्यांना गेटपर्यंत सोडायला गेलो. काकांनी हेल्मेट घातलं, स्कूटर सुरू केली आणि नेमके तेव्हाच शेठ पुटपुटले, "तुमचं काम फार सुंदर असायचं हो."

काकांनी हेल्मेट काढून विचारलं, काय म्हणालात?

"काही नाही. हायवेचं काम चाललंय, जपून जा."

संध्याकाळी मी काकांना फोन केला आणि शेठ काय म्हणाले ते शब्दन् शब्द सांगितलं.

"थांब हां," काका म्हणाले, "हे जरा हिला सांग."

आणि फोन काकूंच्या हातात गेला.